वसईचा बिनघंटेचा मनोरा

ज्युबिलीचे वर्ष हे केवळ पताका लावण्याचे आणि मेजवान्यांचे वर्ष नव्हे. लेवीयाच्या पुस्तकात असे सांगितले आहे की, सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी देशभर शिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि ज्याने त्याने आपापल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावे. ज्युबिलीचा हा मूळ अर्थ ध्यानात घेऊन या स्मरणिकेच्या पानांत आम्ही वाचकांस त्यांच्या एका जुन्या वतनाकडे घेऊन जाऊ इच्छितो. ते वतन म्हणजे वसईच्या किल्ल्यातील संत योसेफाच्या देवळाचा पडका मनोरा होय.

ठाणे, कल्याण अथवा डोंबिवली येथे राहणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळांस वसई परक्या मुलखासारखी वाटते. इ. स. 2014 पासून ती जिल्ह्यानेही वेगळी झाली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला तो तालुका आता पालघर जिल्ह्यात मोडतो. तथापि सरकारी नकाशाहून पाण्याचा नकाशा जुना आहे. उल्हास नदी कल्याणावरून वाहत येते, डोंबिवलीच्या कडेने पुढे जाते, ठाण्याच्या उत्तरेस वळून घोडबंदरावरून निघते, आणि वसईच्या किल्ल्यापाशी समुद्रास मिळते. इ. स. 1853 साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली. त्याआधी शतकानुशतके माल, माणसे, बातमी आणि धर्म ही सर्व याच पाण्याने मचव्यांतून ये-जा करीत होती. म्हणून वसईचा मनोरा हा आमच्याच खाडीच्या मुखाशी उभा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

या मनोऱ्यास लोक सरसकट मध्ययुगीन म्हणतात. त्याचे दगड पाहता तो सोळाव्या व सतराव्या शतकांच्या सांध्यावरचा आहे. आमच्या प्रांतातील ख्रिस्ती धर्माची खरी मध्ययुगीन पाने त्याहून पुष्कळ जुनी असून त्यांचा एकही मनोरा उरलेला नाही. म्हणून मनोऱ्याकडे जाण्यापूर्वी ती पाने थोडक्यात उलटणे अवश्य आहे.

सुमारे इ. स. 550 च्या सुमारास कॉस्मास नावाच्या एका ग्रीक प्रवाशाने आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील 'कल्लियाना' नावाच्या बंदराचा उल्लेख केला आहे. तेथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड परदेशी जात असे, आणि तेथे इराणातून नेमलेला एक बिशप असे, असे तो लिहितो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण होय, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे; काही पंडित ते मलबारच्या बाजूस नेतात. ठाण्याविषयी मात्र वाद नाही. इ. स. 1321 च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस्कन संघाचे तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांचे सोबती तिफ्लिसचे देमेत्रियुस या चौघांनी ठाण्यात ख्रिस्तासाठी प्राण दिले. पूर्वेकडे निघालेले हे प्रवासी ठाण्यास उतरले असता त्यांस एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या घरी ठेवून घेतले होते. म्हणजे लॅटिन पंथाचे पाद्री येथे येण्याच्या आधीपासून ठाण्यात ख्रिस्ती घरे होती. काझीपुढे धर्माविषयी वाद होऊन अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांचा वध झाला. त्यांचे सहकारी जॉर्डानुस यांनी त्यांचे देह वसईजवळच्या सोपाऱ्यास नेऊन तेथील संत थॉमसच्या देवळात पुरले, आणि पुढे ओडोरिक नावाच्या फ्रान्सिस्कनाने त्यांच्या अस्थी थेट चीन देशातील झैतून बंदरापर्यंत पोहोचविल्या. तोलेंतिनोच्या थॉमसांस इ. स. 1894 साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यवादित म्हणून घोषित केले.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, आमचा धर्म फिरंग्यांच्या गलबतातून प्रथम उतरला, ही समजूत आमच्या शेजाऱ्यांत आहे आणि कधी कधी आमच्यातही आहे. ती पुरती खरी नाही. परंतु आमची आजची पॅरिश, आमचे सण, आमची आडनावे आणि आमच्या देवळांचा घाट हे पोर्तुगीज अमदानीत घडले, हेही तितकेच खरे. मनोरा त्या दुसऱ्या सत्याचा साक्षीदार आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने 23 डिसेंबर 1534 च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यात साष्टी बेट होते, ठाणे होते, आणि त्या काळी फारशी किंमत नसलेली मुंबईची बेटेही होती. कल्याणावर त्यांनी स्वाऱ्या केल्या. पण वसई व ठाण्याप्रमाणे ते त्यांचे घर झाले नाही. वसईस त्यांनी कोट बांधला, आणि हळूहळू त्या कोटाच्या आत एक शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या चारही संघांनी तेथे आपापले मठ व देवळे बांधली. संत फ्रान्सिस झेवियर तेथे येऊन गेले. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे 1557 साली वसईस झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि माता वसईची. जेझुइट पाद्र्यांपाशी शिकलेला हा मुलगा पुढे जपानात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण पावला. इ. स. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्यांस संत म्हणून जाहीर केले. हिंदुस्थानात जन्मून संतपदास पोहोचलेले ते पहिले पुरुष होत.

मठांच्या या सर्व देवळांहून संत योसेफाचे देऊळ निराळे होते. ते कोणत्याही संघाचे नव्हते. पोर्तुगीज त्यास 'मात्रिझ' म्हणत, म्हणजे मातृदेऊळ. लोक आता त्यास कॅथीड्रल म्हणतात. परंतु वसईस त्या काळी बिशप नव्हता, तो प्रांत गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होता. मात्रिझ याचा अर्थ सामान्य लोकांच्या पॅरिशचे मुख्य देऊळ. मठाच्या देवळात मनुष्य प्रवचन ऐकण्यास अगर नवेना करण्यास जाई. बाप्तिस्मा, लग्न आणि मरण यांची नोंद मात्र पॅरिशच्या देवळाची. मनुष्य ख्रिस्ती म्हणून जन्मतो आणि ख्रिस्ती म्हणून मातीत जातो तो पॅरिशच्या दारातून. या दृष्टीने पाहिल्यास वसईच्या सर्व भग्नावशेषांत हाच एक मनोरा आमच्यासारख्या पॅरिशवासीयांचा खरा पूर्वज ठरतो.

या देवळाची उभारणी इ. स. 1546 च्या सुमारास पोर्तुगालचा राजा तिसरा जुआँव याच्या आज्ञेने सुरू झाली. पुढे वस्ती वाढली तसे ते अपुरे पडू लागले, आणि इ. स. 1601 मध्ये ते नव्याने बांधून मोठे करण्यात आले. दारावरील शिलालेखात ही हकीगत नोंदली आहे. त्यात गोव्याचे आर्चबिशप दों फ्रेय आलेशो दि मेनेझिस आणि देवळाचे व्हिकार पेद्रु गाल्व्हाँव पेरैरा या दोघांची नावे आहेत. मुंबईचे गोमंतकीय वैद्य डॉ. जुझे गेर्सोन द कुन्या यांनी 1876 साली चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वसईतील असे अनेक लेख वाचून ठेवले. हवेने व पावसाने अक्षरे झिजत असता एका हिंदी ख्रिस्ती विद्वानाने केलेले हे काम आमच्यावरचे मोठे उपकार होत.

शिलालेखातील आर्चबिशप मेनेझिस यांच्या नावापाशी क्षणभर थांबले पाहिजे. याच मेनेझिस यांनी दोन वर्षे आधी, म्हणजे 1599 साली, मलबारात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील संत थॉमसच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाचे इराणकडील बिशपांशी असलेले नाते तोडले आणि त्यांस लॅटिन अधिकाराखाली आणले. कल्याणास इराणातून बिशप येत असे, असे कॉस्मास सांगतो. ठाण्यात 1321 च्या पाहुण्यांस आसरा देणारे घर त्याच पूर्वेकडील परंपरेचे होते. ती परंपरा मोडणाऱ्या पुरुषाचे नाव आमच्या मातृदेवळाच्या दारावर कोरलेले असावे, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, 1988 साली त्याच संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांसाठी, सिरो-मलबार रीतीचा धर्मप्रांत कल्याणच्या नावाने स्थापन झाला. तोडलेला धागा जवळजवळ चार शतकांनी आमच्याच शेजारी पुन्हा बांधला गेला.

आता प्रत्यक्ष मनोऱ्याकडे वळू. देवळाच्या दर्शनी बाजूस हा चौकोनी दगडी मनोरा उभा असून किल्ल्यातील झाडांच्या शेंड्यांवर त्याचे डोके दुरून दिसते. देवळाचे दार अर्धवर्तुळाकार कमानीचे. मनोऱ्याच्या भिंती जाड, खालच्या भागात उघाड थोडा. वर जावे तसतसे उघाड मोठे होत जाते, आणि अगदी वर घंटांसाठी ठेवलेल्या कमानी आहेत. या कमानी आज रिकाम्या आहेत. त्यांतून वारा जातो, आणि पारवे जातात.

बांधकामाचा दगड मुख्यतः याच प्रांतातील काळा दगड होय. वसईच्या दगडाची कीर्ती त्या काळी मोठी होती. गोव्यात जांभा दगड मुबलक. पण जांभा ठिसूळ, त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या देवळासारख्या इमारतींच्या दर्शनी भागावरील खांब व नक्षीकाम यांसाठी वसईचा दगड गलबतांतून नेण्यात आला. गोव्याचे देऊळ पाहून आमचे यात्रेकरू धन्य होतात. त्या देवळाच्या मुखावरचा दगड आपल्या मुलखातून गेला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. तो दगड फोडणारे, घडविणारे आणि चढविणारे हात फिरंग्यांचे नव्हते. आराखडा लिस्बनचा असेल, परंतु छिन्नी कोकणातील पाथरवटाची आणि चुना कोकणातील गवंड्याचा, हे उघड आहे.

मनोऱ्याच्या आत वर्तुळाकार दगडी जिना आहे. अशा जिन्याची युक्ती साधी पण विचारपूर्वक योजलेली असते. प्रत्येक पायरी हा एक अखंड दगड. त्याचे रुंद टोक बाहेरच्या भिंतीत रुतविलेले आणि अरुंद टोक गोल घडविलेले. ही गोल टोके एकावर एक रचली जाऊन मध्यभागी आपोआप एक खांब तयार होतो. मनोऱ्यास हा खांब पाठीच्या कण्यासारखा आधार देतो, आणि जिन्यास लाकडाची गरज राहत नाही. लाकूड नाही म्हणून आगीची भीती नाही, वाळवीची नाही.

वाचकांस सहज प्रश्न पडेल की, एवढे मोठे देऊळ मोडले आणि मनोराच कसा उभा राहिला? याचे उत्तर बांधणीतच आहे. देवळाचा मुख्य भाग रुंद असतो. एवढ्या रुंदीवर दगडी घुमट चढविणे खर्चाचे व जोखमीचे, म्हणून वसईतील देवळांचे छप्पर बहुधा लाकडी वाशांचे व कौलांचे असे. माणसे निघून गेली, कौले फुटली, की दोन-चार पावसाळ्यांत वासे कुजतात, आणि छप्पर गेले की भिंतींच्या माथ्यात पाणी मुरून चुना धुपू लागतो. पाखरांनी टाकलेले वड-पिंपळाचे बी त्या फटीत रुजते, आणि मुळे दगडास दगडापासून दूर सारतात. मनोऱ्याचे क्षेत्र लहान, भिंती जाड, चारही बाजू एकमेकींस बांधलेल्या, आणि आत दगडी जिन्याचा कणा. त्यामुळे छपरावाचूनही तो तग धरून राहतो. सामान्य लोक म्हणतात, देवाने मनोरा राखला. ते खोटे नाही. पण देवाने तो चांगल्या गवंड्याच्या हातून राखला, असे म्हटल्यास अधिक नेमके होईल.

मनोरा नुसत्या शोभेसाठी नसे. घड्याळे नसलेल्या त्या काळी घंटाच लोकांचा दिवस आखून देई. पहाटेस, मध्यान्ही आणि सांजवेळी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना करण्यासाठी ती वाजे. मिस्साचे बोलावणे करी. कोणी मृत झाल्यास संथ ठोक्यांनी कळवी. शत्रू आला किंवा आग लागली तर तीच घंटा धोक्याची होई. आणि धोके थोडे नव्हते. इ. स. 1618 च्या मे महिन्यात झालेल्या भयंकर वादळाने वसईच्या देवळांचे मोठे नुकसान केले. इ. स. 1674 मध्ये मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून कोटाबाहेरील देवळे लुटली. कोटातील फौजेने बाहेर येण्याचे धाडस केले नाही. वसईचे वैभव त्याच सुमारास ओसरू लागले होते.

येथे आम्हांस एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. ज्युबिलीच्या अंकात ती बोलू नये, असे कोणी म्हणेल. परंतु आधी कबुली आणि मग सण, अशीच आमच्या धर्माची रीत आहे. या मनोऱ्याच्या घंटेखाली केवळ प्रार्थनाच झाल्या असे नाही. पोर्तुगीज अमलात या प्रांतातील हिंदूंची देवळे व मुसलमानांच्या मशिदी पाडण्यात आल्या, बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन लेण्याचे ख्रिस्ती देवळात रूपांतर झाले, इ. स. 1560 साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा वचक वसईपर्यंत पोहोचला. आमचे शेजारी हे विसरलेले नाहीत, आणि त्यांनी विसरावे असे आम्ही सांगूही शकत नाही. ज्या सत्तेने आमच्या पूर्वजांस क्रूस दिला, तिनेच पुष्कळांच्या घरादारावर अन्याय केला. ही दोन्ही वाक्ये एकाच दमात म्हणण्याचे धैर्य आमच्या ठायी असले पाहिजे.

त्या अमलाचा शेवट ठाण्यापासून झाला. पोर्तुगीजांनी ठाण्यास नवा किल्ला बांधावयास घेतला होता. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. तो पुरा होण्याआधीच, मार्च 1737 मध्ये, मराठ्यांनी ठाणे घेतले आणि त्यापाठोपाठ साष्टी घेतली. मग चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला. 1739 च्या मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सेबास्तियन बुरुजास खिंडार पडले आणि घनघोर लढाईनंतर किल्ला शरण आला. दोन्ही बाजूंची माणसे फार पडली. पोर्तुगीज शिबंदी सन्मानाने, हत्यारांनिशी बाहेर पडली. शरणागतीच्या अटींत एक अट आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती: जे ख्रिस्ती आपखुशीने मागे राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणे देवाची उपासना करण्याची मोकळीक राहील. विजयाबद्दल बोललेला नवस फेडण्यासाठी बांधलेले वज्रेश्वरीचे देऊळ आजही भिवंडी तालुक्यात उभे आहे, आणि वसईच्या किल्ल्यात चिमाजी आप्पांचे स्मारक आहे.

मनोऱ्यांवरील घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. वसई प्रांतातील देवळांच्या या घंटा महाराष्ट्रभर विखुरल्या. भीमाशंकरास एक आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर एक आहे. तिच्यावर 1707 हे साल आहे. नाशिकास गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या कोटावर एक मोठी घंटा आहे, तिच्यावर 1721 हे साल आहे. नाशिककर गोदावरीच्या पुराची उंची सांगताना या घंटेचे नाव घेतात. ख्रिस्ताच्या नावाने ओतलेल्या या घंटा सुमारे पावणेतीनशे वर्षे महादेवापुढे वाजत आहेत. पूर्वी आम्हांस याचा विषाद वाटत असे. आता विचार केला असता वाटते की, त्या घंटा वितळवून कोणी तोफा केल्या नाहीत. परक्या धर्माची वस्तू असूनही लोकांनी ती देवाच्या दारातच टांगली, तिच्यावरचा क्रूस घासून काढला नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळली. युद्धातील लुटीस याहून चांगली गती क्वचितच मिळाली असेल.

वाचकहो, आमच्या समाजापुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो. 1739 साली वसई पडली, तेव्हा आम्ही हरलो की जिंकलो? शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात आमची मुले वसईचा विजय वाचतात आणि मराठी मुले म्हणून त्यांची छाती फुगते. रविवारी तीच मुले देवळात येतात आणि पडक्या देवळांची चित्रे पाहून त्यांचे मन खिन्न होते. पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. पण तो असतो. शेजारी थट्टेने 'फिरंगी' म्हणतो तेव्हा तो जागा होतो.

याचे उत्तर 1739 नंतरच्या वर्षांत सापडते. पोर्तुगीज गेले, त्यांचे सरदार गेले, मठांतील युरोपियन पाद्रीही बहुतेक गेले. पुष्कळ देवळे ओसाड पडली. काही कुटुंबे जुन्या धर्मात परत गेली. ख्रिस्ती धर्म हा नुसता राज्याचा धर्म असता, तर राज्याबरोबरच तो आटोपला असता. परंतु कोळीवाड्यांत, आगरांत, ठाण्याच्या पेठेत, वसईच्या वाड्यावाड्यांत लोक राहिले, आणि त्यांचा सांभाळ करण्यास एतद्देशीय धर्मगुरू राहिले. यांस कोणत्याही दरबाराचा आधार नव्हता. इ. स. 1760 मध्ये, पुढे पारशी धर्मग्रंथाच्या भाषांतराने नावारूपास आलेला आंकतील द्यु पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून प्रवास करीत होता. मराठी अमलाखालील ठाण्यात ख्रिस्ती लोकांचा सण त्याने पाहिला. हजारो लोक जमले होते, देऊळ सजविले होते, आणि एखाद्या ख्रिस्ती देशात असावे तशा मोकळेपणाने सर्व विधी चालले होते. पाद्री सारे याच देशातले. त्यास याचे आश्चर्य वाटले. आम्हांस वाटू नये. शरणागतीच्या कागदावरील ती एक अट राज्यकर्त्यांनी पाळली, शेजाऱ्यांनी पाळू दिली, आणि आमच्या पूर्वजांनी तिचा उपयोग करून घेतला.

म्हणून वरील प्रश्नाचे उत्तर असे की, 1739 साली एक राज्य हरले व दुसरे जिंकले. पॅरिश यांपैकी कोणाचीच नव्हती, ती आमची होती आणि आमचीच राहिली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, पुढे 1818 साली पेशवाई संपली, 1947 साली इंग्रजही गेले. इतकी निशाणे बदलली तरी रविवारचे मिस्सा चालूच आहे. चिमाजी आप्पांचा अभिमान बाळगणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या धर्माशी बेइमान होत नाही, आणि संत योसेफाच्या मनोऱ्यापुढे गुडघे टेकणारा मराठी मनुष्य आपल्या देशाशी बेइमान होत नाही.

पॅरिश म्हणजे दगड नव्हे, हे आमच्या प्रांतात आणखी एका ठिकाणी स्पष्ट दिसते. अंधेरीस मरोळजवळ, सध्याच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात, जेझुइटांनी 1579 साली बांधलेल्या संत योहानाच्या देवळाचे अवशेष आहेत. इ. स. 1840 च्या सुमारास तेथे साथ आली तेव्हा लोकांनी ते गाव सोडले आणि मरोळास नवे देऊळ केले. जाताना त्यांनी जुन्या देवळातील वेदी व बाप्तिस्म्याचे कुंड बरोबर नेले. भिंती मागे राहिल्या, कुंड पुढे गेले. वसईतही तसेच घडले. 1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि प्रथमच तेथे बिशपांचे आसन आले, तेव्हा ते आसन किल्ल्यातील मात्रिझमध्ये गेले नाही. किल्ल्याबाहेर, लोकांच्या वस्तीत, पापडी येथील कृपामातेच्या देवळास कॅथीड्रलचा मान मिळाला.

मग मनोऱ्याचे काय? तो आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रक्षणाखाली आहे. खाते आपले काम करो. आमचेही काही काम आहे. किल्ल्यात सहलीस जाणाऱ्या आमच्या मुलांनी त्याच्या भिंतीवर नाव कोरू नये, कमकुवत भागावर चढू नये, आणि तेथील थडग्यांच्या शिळांवर बसून फराळ करू नये, एवढे तरी आम्ही घरी शिकवू शकतो. पडक्या देवळाची जमीनही पवित्र असते, कारण तिच्या खाली माणसे निजलेली आहेत.

दुसरे काम आपल्या स्वतःच्या पॅरिशमधले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस आज गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे आणि साष्टीतील जुन्या ईस्ट इंडियन घराण्यांचे लोक एका बाकावर बसून मिस्सा ऐकतात. एखाद्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीतील नावे, घंटेवर ओतलेले साल, देवळाची कोनशिला, आजीच्या तोंडची लग्नगीते, पहिले मिस्सा ज्या खोलीत झाले तिची आठवण, हे सर्व आज आमच्या हाताशी आहे. गाल्व्हाँव पेरैरा या व्हिकारांनी 1601 साली दारावर चार ओळी कोरून घेतल्या, म्हणून आज आम्हांस त्यांचे नाव कळते. दगड ज्याने फोडला त्या पाथरवटाचे नाव कोणी लिहिले नाही. आमच्या स्मरणिकेत निदान एवढी काळजी घेतली जावी की, देणगीदारांबरोबर ज्यांनी विटा वाहिल्या, फरशी धुतली आणि वर्षानुवर्षे घंटा वाजविली, त्यांचीही नावे छापली जावीत.

असो. वसईच्या मनोऱ्यातील घंटा गेली; पण त्या घंटेने ज्यांस बोलावले होते त्यांची लेकरे ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत आणि दूरदेशीही आहेत, आणि दुसऱ्या घंटांच्या हाकेस ओ देत आहेत. ज्युबिलीच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी खाडीच्या मुखापर्यंत जावे, त्या रिकाम्या कमानींखाली उभे राहावे, ठाण्याच्या चार रक्तसाक्षींसाठी, अनाम कारागिरांसाठी आणि त्या वेढ्यात दोन्ही बाजूंस पडलेल्या सर्व शिपायांसाठी एक 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणावे, आणि मग आपल्या पॅरिशकडे परत यावे. संत योसेफ, कारागिरांचा आश्रयदाता, आमच्या या घराचे रक्षण करो.